नाव झाकून मानपत्र वाचा

वाचक विचारतात

कर्तबगार स्त्रियांच्या सत्काराविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. गोव्यातल्या पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या महिला मंडळांनी, पंचायतींनी आणि काही सत्कारमूर्तींनीही पत्रे पाठवली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पाठवणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत. का, ते पहिल्याच प्रश्नावरून कळेल.

प्रश्न : आमचे मंडळ दर वर्षी ८ मार्चला गावातल्या तीन महिलांचा सत्कार करते आणि दर वर्षी नावांवरून भांडण होते. शाल अध्यक्षबाईंच्या वाड्याबाहेर, म्हणजे वस्तीबाहेर, जात नाही, असे लोक तोंडावर बोलतात. निवडीची काही रीत आहे का?
(सचिव, महिला मंडळ, डिचोली तालुका)

उत्तर : या भांडणाचे मूळ बहुधा एकच असते. नाव कुठून आले, कुणी सुचवले आणि कशावरून ठरले हे मंडळाबाहेर कुणाला माहीत नसते. म्हणून सुरुवात कागदापासून करा.

एक पानी अर्ज छापा. त्यात पाच प्रश्न पुरेत : बाईंचे नाव व वाडा, काम नेमके कोणते, किती वर्षांपासून, त्याचा उपयोग किती घरांना किंवा माणसांना झाला, आणि हे काम जवळून पाहिलेल्या दोघांची नावे, ज्यांतले एकही नातेवाईक नसावे. अर्ज पंचायतीच्या फलकावर, रेशन दुकानात, अंगणवाडीत, देवळात आणि कपेलातही (छोट्या चर्चमध्ये) ठेवा. जानेवारीतल्या ग्रामसभेत जाहीर केलेत तर उत्तमच, कारण मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात नसलेली माणसे तिथे भेटतात. मुदत तीन आठवड्यांची द्या. स्वतःचे नाव स्वतः सुचवायला बंदी नको. देशाच्या पद्म पुरस्कारांनाही ती मुभा आहे.

निवड समिती पाच जणांची करा : मंडळातल्या दोघी, गावाबाहेरची एक व्यक्ती (निवृत्त शिक्षिका, परिचारिका, ग्रंथपाल), तिशीच्या आतली एक मुलगी आणि आधीच्या एखाद्या वर्षीची सत्कारमूर्ती. पाचही जणी एकाच वाड्यावरच्या वा एकाच समाजाच्या नसाव्यात. एखादीच्या नात्यातले नाव आले तर त्या नावापुरते तिने खोलीबाहेर जायचे आणि तसे इतिवृत्तात लिहायचे. ही एक ओळ पुढचे बरेच वाद मिटवते.

गुणांची वाटणी आम्ही अशी सुचवू : कामाचा उपयोग किती जणांना झाला याला २५, सातत्याला २०, काम उभे करताना आलेल्या अडचणींना १५, दुसऱ्यांना तयार करण्याला २५ आणि हिशेबाच्या चोखपणाला १५. प्रत्येकीने आपले गुण वेगळ्या कागदावर द्यावेत, मगच चर्चा. आधी चर्चा केली तर सगळ्यांत मोठा आवाज असलेल्या बाईंचे गुण सगळ्यांच्या कागदावर उतरतात.

दुसऱ्यांना तयार करण्याला इतके गुण का, असे कुणी विचारील. सेवा आणि नेतृत्व यांतला फरक तिथेच कळतो. वीस वर्षे एकटीने आजाऱ्यांना दवाखान्यात नेणारी बाई सेवा करते. तिने आणखी चौघींना रुग्णवाहिका बोलवणे, केसपेपर काढणे, डॉक्टरांशी बोलणे शिकवले असेल तर ती नेतृत्व करते. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, फक्त कशासाठी गौरव करतो आहोत ते मंडळाला ठाऊक हवे. समितीतल्या दोघींनी अंतिम यादीतल्या प्रत्येकीच्या घरी जावे आणि एक प्रश्न जरूर विचारावा : “तुम्ही उद्यापासून हे सोडले तर कोण बघेल?”

हमखास होणाऱ्या चुकाही सांगून ठेवतो. पदावरून निवड करू नका. पंच (पंचायत सदस्य) असणे किंवा मंडळाची अध्यक्ष असणे हे काम झाले नाही, ती कामाची खुर्ची झाली. पगारी कामाचा गौरव जरूर करावा, पण पगारात जे येत नाही त्यासाठी. अंगणवाडी सेविकेने वेळेवर अंगणवाडी उघडली एवढ्यावर मानपत्र लिहिता येत नाही. वाड्यागणिक एक शाल वाटू नका, ते रेशन होते. तीन हा आकडाही दगडावर कोरलेला नाही. एखाद्या वर्षी एकच नाव कसोटीला उतरले तर एकच सत्कार करा. एकदा गौरव झालेल्या बाईचा पाच वर्षे पुन्हा विचार नाही, हा नियम लिहून ठेवा.

८ मार्चचा कार्यक्रम असेल तर अर्ज ३१ जानेवारीला बंद, भेटी १२ फेब्रुवारीपर्यंत, निर्णय १५ ला, मानपत्राचा मजकूर २२ ला पक्का आणि फ्रेम १ मार्चला हातात, असे मागून मोजत या. मध्ये कार्निव्हालचे चार दिवस येतात की नाही ते दिनदर्शिकेत बघून घ्या. त्या दिवसांत ना छापखान्याचा माणूस सापडतो ना समितीतली मुलगी.

प्रश्न : मानपत्र कसे लिहावे? आमच्याकडे जुना मजकूर आहे, फक्त नाव बदलतो.
(केपे)

उत्तर : तुमच्या पत्रातल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. बहुतेक ठिकाणी हेच चालते, कबूल मात्र कुणी करत नाही.

मजकूर तयार झाला की नावावर बोट ठेवून तो वाचा. नाव झाकूनही ही बाई कोण हे गावातल्या माणसाला ओळखता आले पाहिजे. “आपण समाजकार्यात सदैव अग्रेसर असून आपले कार्य सर्वांना प्रेरणादायी आहे” हे वाक्य कुणालाही लागू पडते, म्हणजे कुणालाच लागू पडत नाही. त्याच्या जागी हा नमुना बघा : “वाड्यावरच्या बावीस घरांचे नळ मे महिन्यात कोरडे पडले तेव्हा आपण जुन्या सार्वजनिक विहिरीचा गाळ काढण्यासाठी घरटी एक माणूस आणि एक दिवस मागितलात. अकरा दिवसांत विहीर साफ झाली. तिच्या देखरेखीचा तक्ता आता वाड्यावरच्या बायका आळीपाळीने लिहितात.” यात एकही विशेषण नाही, तरी गौरव पुरेपूर आहे.

लांबी १५० ते १८० शब्द. सभेत मोठ्याने, थांबे घेत वाचताना मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांच्या आत वाचन संपते. त्याहून लांब मानपत्र असले की मागच्या रांगेत गप्पा सुरू होतात. चार लहान परिच्छेद करा : अडचण काय होती, बाईंनी काय केले, त्यातून आज काय टिकून आहे आणि मंडळ कशासाठी गौरव करत आहे. सोबत राबलेल्यांचा उल्लेख एका वाक्यात हवाच. तो नसला तर घरी परतताना सत्कारमूर्तीलाच बोल ऐकावे लागतात.

रणरागिणी, आदिशक्ती, त्यागमूर्ती हे शब्द कपाटात ठेवा. “घरसंसार सांभाळून” हा शब्दप्रयोग वापरण्याआधी पुरुषाच्या मानपत्रात तो घातला असता का, एवढे मनाशी विचारा.

मजकूर कच्चा असतानाच सत्कारमूर्तीला वाचून दाखवा. ते गुपित ठेवण्यात काही मजा नाही. साल चुकते, संस्थेचे नाव चुकते, किंवा जी गोष्ट तिला चारचौघांत नको आहे तीच लिहिली जाते. घरगुती छळातून सुटका केलेल्या मुलीचे नाव-गाव मानपत्रात आले तर सत्कार बाजूला राहतो आणि त्या मुलीचे पुन्हा नुकसान होते. बाईंना वाचता येत नसेल तर दोनदा वाचून दाखवा.

नावाबाबत गोव्यात विशेष जपावे लागते. माहेरचे की सासरचे, घरात हाक मारतात ते की कागदावरचे, हे तिलाच विचारा. ख्रिस्ती आडनावे लिहितात एक आणि उच्चारतात दुसरेच, म्हणून देवनागरीत कसे लिहायचे ते तिच्याकडूनच लिहून घ्या आणि निवेदिकेकडून मोठ्याने म्हणवून घ्या. घरात कोंकणी बोलणाऱ्या आणि रोमी लिपी वाचणाऱ्या बाईला देवनागरी मराठी मानपत्र देऊन तिने काय करायचे? दोन्ही लिप्यांत छापा, वाचन कोंकणीत करा. मराठी मंडळाला त्याने कमीपणा येत नाही.

राजमुद्रा, म्हणजे अशोकस्तंभाचे चार सिंह, मानपत्रावर छापू नका. २००५ च्या कायद्याने तिचा असा वापर बंद आहे. शोभेसाठी चित्र हवेच असेल तर कावी चित्रकलेची किनार काढून घ्या, लाल मातीचा तो रंग कागदावर फार छान उठतो.

छपाईत पावसाळ्याचा विचार करा. इंकजेटची शाई आपल्या दमट हवेत ओघळते, म्हणून लेझर किंवा ऑफसेट छपाई आणि २५० जीएसएमच्या वरचा जाड कागद. फ्रेमच्या मागच्या बाजूला खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांमध्ये हवा खेळली की बुरशी लवकर धरत नाही. काचेऐवजी ॲक्रिलिक हलके पडते आणि वृद्ध बाईच्या हातून पडले तरी इजा नाही. आणखी एक प्रत बिनफ्रेमची, प्लास्टिकच्या फोल्डरात द्या. बँक, पंचायत, सरकारी अर्ज, सगळीकडे तीच कामाला येते. तिसरी प्रत मंडळाच्या दप्तरात ठेवायची. दहा वर्षांनी गावातल्या स्त्रियांच्या कामाचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्याला शालींचा काही उपयोग नाही, या दप्तराचा आहे.

प्रश्न : प्रमुख पाहुण्या पद्मश्रीच्या मानकरी आहेत. पत्रिकेत नावाआधी “पद्मश्री” छापावे ना?
(फोंडा)

उत्तर : नाही. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत आणि नावाच्या मागे-पुढे लावता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. नावाखाली वेगळ्या ओळीत परिचय द्या, उदाहरणार्थ : “पद्मश्री सन्मानाच्या मानकरी, २००२”. पर्यावरण आणि प्राणिकल्याणासाठी लढणाऱ्या वकील नॉर्मा अल्वारिस यांना तो त्या वर्षी मिळाला. गोवा मुक्तिलढ्यात १९५५ ते १९६१ या काळात जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये. केंद्र चालवले तेव्हा आणि सन्मान झाला तेव्हा, यांत सहा दशकांहून जास्त अंतर आहे. आपल्या गावातली नावे लवकर सुचवा, असे म्हणतो ते यासाठी.

प्रश्न : सत्कारमूर्तींपैकी एक विधवा आहेत, एक ख्रिस्ती आहेत. मंडळाची पद्धत स्टेजवर ओटी भरायची. काय करावे?
(बार्देश)

उत्तर : सत्कार कामाचा आहे, ओटी सौभाग्याची. दोन्ही एकाच स्टेजवर आणले की कुणाची तरी ओटी रिकामी राहते, आणि ते सगळ्या सभेला दिसते. स्टेजवर सगळ्यांना सारखेच द्या : शाल, श्रीफळ, मानपत्र. हळदीकुंकू ज्यांना हवे त्यांनी कार्यक्रमाआधी बाजूच्या खोलीत करावे, आणि तिथेही विधवांना वगळायची गरज नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. गोव्यातल्या मंडळाला त्यासाठी परिपत्रकाची वाट बघायला नको.

बारीक गोष्टी अशा. आबोलीची वेणी किंवा गजरा केसांत माळायला जाऊ नका, हातात द्या. माळायचा की नाही ते ती ठरवील. कपाळाला हात लावण्याआधी विचारा, तेही आदल्या दिवशी; स्टेजवर विचारले तर ती नाही म्हणू शकत नाही. समई पेटवताना पाहुण्यांबरोबर एका सत्कारमूर्तीलाही वात लावू द्या. शाल बाईनेच घालावी, आणि खांद्यावर, डोक्यावरून नव्हे.

शालीविषयी एक जरा आगाऊ सूचना. मार्चच्या उकाड्यात लोकरी शाल घेऊन गोव्यातल्या बाईने करायचे काय? ती कपाटातून थेट दुसऱ्या सत्काराला जाते. कुणबी वाणाची तांबडी चौकड्यांची सुती ओढणी किंवा उपरणे घ्या; वापरले जाते आणि विणणाऱ्यालाही चार पैसे मिळतात. स्मृतिचिन्ह द्यायचेच असेल तर प्लास्टिकच्या सोनेरी करंडकाऐवजी डिचोलीचे मातीकाम किंवा कुंकळ्ळीचे चितारी लाखकाम घ्या. मातीची वस्तू नेताना फुटते, तेव्हा भाताच्या काडात बांधून पेटीतच द्या.

प्रश्न : “तुमची राष्ट्रीय महिला गौरव पुरस्कारासाठी निवड झाली आहे” असा फोन आला. नोंदणी शुल्क मागतात, सोबत मानद डॉक्टरेटही देतो म्हणतात. खरे असेल का?
(मुरगाव)

उत्तर : पैसे भरू नका. पुरस्कार देणारा पैसे देतो, घेत नाही. नोंदणी शुल्क, जाहिरातीतले पान, जेवणाच्या टेबलाचे पैसे किंवा “फक्त ट्रॉफीचा खर्च”, कोणत्याही नावाने मागणी आली की ती विक्री समजा.

तपासायचे तर त्यांना लेखी तीन गोष्टी विचारा : संस्थेचा नोंदणी क्रमांक, निवड समितीतली नावे आणि तुमचे नाव कोणत्या कामासाठी कुणी सुचवले. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक फोन बंद होतात. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार फक्त विद्यापीठांना आणि तसा अधिकार मिळालेल्या संस्थांना आहे. एखाद्या ट्रस्टने हॉटेलातल्या सभागृहात दिलेली “डॉक्टरेट” नावाआधी लावली तर उलट हसे होते. पैसे आधीच गेले असतील तर फोनवरच्या माणसाशी वाद घालत बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा.

प्रश्न : एका दात्याला आईच्या नावाने दर वर्षी ५,००० रुपयांचा पुरस्कार ठेवायचा आहे. रक्कम रोख द्यावी का? कर लागतो का?
(सासष्टी)

उत्तर : पाकीट नको, धनादेश किंवा बँक हस्तांतर. पाकिटात किती होते यावर नंतर गावात तीन आकडे फिरतात. धनादेश लिहिण्याआधी पासबुकाची प्रत मागा. मानपत्रावर ज्या नावाने गाव ओळखते ते आणि खात्यावर माहेरचे, असे आपल्याकडे सर्रास असते. चुकीच्या नावाचा धनादेश वटत नाही, आणि बिचारी संकोचाने तुम्हाला सांगतही नाही.

कराचे थोडक्यात : नातेवाईक सोडून इतरांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या रोख भेटी मिळून ५०,००० रुपयांच्या आत असतील तर त्यांवर कर नाही. त्यापुढे गेल्या तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. पाच हजारांत प्रश्न येत नाही, पण लाखाचा पुरस्कार असेल तर सत्कारमूर्तीला आधीच सांगा आणि सनदी लेखापालाला विचारा. दात्याला देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर मंडळाला ती मान्यता हवी आणि देणगी २,००० रुपयांच्या वर रोखीने घेता येणार नाही.

आईच्या नावाचा पुरस्कार दोन वर्षांनी बंद पडला तर ते फार वाईट दिसते. म्हणून दर वर्षी पाच हजार घेण्याऐवजी मुदत ठेव करून घ्या. साडेसहा टक्के व्याज धरले तर ५,००० साठी सुमारे ७७,००० रुपये लागतात. मानपत्र-फ्रेमचा खर्चही त्यातूनच काढायचा असेल तर एक लाख. ठेव मंडळाच्या नावे असावी, अध्यक्षबाईंच्या नव्हे. निवडीत दात्याच्या घरच्यांचे मत नाही, हेही पहिल्याच दिवशी लिहून घ्या. नंतर सांगणे जड जाते.

प्रश्न : काम संपूर्ण बचत गटाचे आहे. बारा जणींना स्टेजवर कसे घ्यावे?
(सत्तरी)

उत्तर : मानपत्र एक, गटाच्या नावे, त्यात बाराही जणींची नावे. शाल कुणालाच नको, नाहीतर बारा आणा. मानपत्र घ्यायला अध्यक्ष-सचिव पुढे आल्या तरी चालेल, पण बोलायला गटाने निवडलेली तिसरीच बाई उभी करा. रोख रक्कम गटाच्या खात्यात जमा करा, म्हणजे ती हिशेबात येते.

प्रश्न : मागच्या वर्षी कार्यक्रम साडेतीन तास चालला. सत्काराची वेळ आली तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. क्रम कसा असावा?
(पेडणे)

उत्तर : तुमच्या पत्रासोबतच्या पत्रिकेत सात वक्ते आहेत आणि सत्कार आठव्या क्रमांकावर आहे. खुर्च्या रिकाम्या का झाल्या ते तिथेच लिहिले आहे.

एका सत्काराला सात मिनिटे धरा. स्टेजवर येऊन बसायला अर्धे मिनिट, मानपत्राला दोन, शाल-श्रीफळ आणि फोटोला दीड, तिच्या मनोगताला तीन. तिघी असतील तर एकवीस मिनिटे. स्वागत व प्रास्ताविक पाच, पाहुण्यांचे भाषण दहा, आभार दोन. थोडी सांडलवंड धरूनही पाऊण तासात सगळे बसते. स्वागतगीत एकच, आणि तेही दोन कडव्यांचे. पाहुण्यांचे भाषण सत्कारानंतर ठेवा, म्हणजे त्यांना बोलायला खरा विषय मिळतो आणि उशिरा आल्या तरी कार्यक्रम अडत नाही.

आधी मानपत्र वाचा, मग शाल घाला. उलटे केले की टाळ्या पडतात, फोटोवाले पुढे येतात आणि मानपत्र कुणी ऐकत नाही. मधल्या खुर्च्या सत्कारमूर्तींच्या, पाहुणे कडेला. स्टेजला चार पायऱ्या आणि बाई पंच्याहत्तरीच्या असतील तर सत्कार खालीच, पहिल्या रांगेसमोर करा. पाहुण्यांनी खाली उतरावे. प्रत्येकीच्या घरच्यांसाठी सहा जागा राखून ठेवा. सून-नातवंडे भिंतीला टेकून उभी आणि पंचायतीचे पाहुणे सोफ्यावर, हे चित्र आता पुरे झाले.

मनोगताची सवय नसलेल्या बाईला “दोन शब्द बोला” म्हणू नका. निवेदिकेने शेजारी बसून दोन प्रश्न विचारावेत, ते आदल्या दिवशी सांगितलेले असावेत : काम सुरू कसे झाले, आणि आज मदत कसली हवी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मंडळाने वहीत टिपून घ्यावे. कितीतरी वेळा बाई म्हणतात, शाल नको, वाड्यावरच्या वाचनालयाला एक कपाट द्या.

वेळ दुपारी चार ते सव्वापाच. मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि आतल्या गावांना जाणारी शेवटची बस त्याआधीच सुटते. ८ मार्च रमजानात येत असेल तर मुस्लिम भगिनींना इफ्तारला घरी पोचता आले पाहिजे; दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतील तर ध्वनिक्षेपकाचा आवाज सभागृहाबाहेर जाता कामा नये. उघड्यावर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढा. रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच.

प्रश्न : महिला सरपंचांचा सत्कार आहे. त्यांच्या पतींनाही स्टेजवर बोलवावे लागेल का? तेच सगळे काम बघतात.
(नाव-गाव नको)

उत्तर : पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखीव आहेत त्या स्त्रियांनी काम बघावे म्हणून. पती पहिल्या रांगेत बसतील. आणि खरोखर तेच सगळे बघत असतील तर सत्कार कशाचा, हे समितीने पुन्हा एकदा बघावे. गोव्याचा कारभार १९७३ ते १९७९ शशिकला काकोडकर यांनी मुख्यमंत्री म्हणून चालवला. तेव्हा पंचायतीत या एक तृतीयांश राखीव जागाही नव्हत्या.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका निवृत्त परिचारिकेने चाळीस वर्षे डोंगरावरच्या वस्त्यांत बाळंतपणे केली. पद्म पुरस्कारासाठी नाव पाठवायला आमदारांची शिफारस लागते का?
(सांगे)

उत्तर : लागत नाही. कोणीही नागरिक नाव सुचवू शकतो, मात्र केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, ऑनलाइनच. मुदत वर्षागणिक बदलते : २०२५ च्या पुरस्कारांसाठी ती १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ होती, २०२६ साठी ती १५ मार्च २०२५ लाच सुरू झाली. म्हणजे मार्च उजाडला की पोर्टल बघायला लागा. सेवेत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना, डॉक्टर व शास्त्रज्ञ वगळता, हा सन्मान मिळत नाही. तुमच्या बाई निवृत्त आहेत, तेव्हा अडचण नाही. मरणोत्तर सहसा देत नाहीत, म्हणून “पुढच्या वर्षी बघू” म्हणू नका.

कामाचे वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यायचे असते आणि नावे तिथेच गळतात. “अहोरात्र सेवा” लिहून भागत नाही. कोणत्या वस्त्या, रस्ता आणि वीज कधी आली, त्याआधी तिथे कसे पोचत, जवळचे आरोग्य केंद्र किती किलोमीटर, नोंदवहीत बाळंतपणे किती, त्यांतली गुंतागुंतीची किती पुढे पाठवली, कुणाला शिकवले, हे सारे हवे. नोंदवही हाती नसेल तर वस्तीवर जाऊन घरटी विचारा आणि जन्मसाले लिहून काढा. दोघींना दोन रविवार पुरतात. जो आकडा सिद्ध करता येत नाही तो लिहू नका. गोलमोल “हजारो” पेक्षा नोंदलेले तीनशे बारा वजनदार ठरतात. वर्तमानपत्रातली कात्रणे, आधीची मानपत्रे (इथे ती बिनफ्रेमची प्रत आठवा) स्कॅन करून जोडा. या सन्मानात रोख रक्कम नसते, पदक आणि सनद असते, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

एवढ्यावर थांबू नका. राज्याच्या महिला व बाल विकास संचालनालयाचा यशदामिनी पुरस्कार आहे. त्या वर्षीचे निकष आणि तारखा कार्यालयातच विचारून घ्या. ८०० शब्दांचा मजकूर एकदा नीट तयार झाला की तोच थोडाफार बदलून तिथेही चालतो.

प्रश्न : आम्ही निवडलेल्या बाई सत्काराला साफ नाही म्हणतात. त्यांना कसे वळवावे?
(काणकोण)

उत्तर : आधी कारण विचारा, एकट्या असताना. काहींना स्टेजची भीती वाटते, त्यांच्यासाठी वर सांगितलेला प्रश्नोत्तरांचा मार्ग आहे. काहींना नेसायला बरे लुगडे नसते आणि ते त्या बोलत नाहीत. काहींना गावातल्या कुणा एकाच्या हातून शाल घ्यायची नसते, आणि त्यांचे बहुधा बरोबर असते, पाहुणे बदला. दारूच्या दुकानाविरुद्ध किंवा खाणीच्या धुळीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईला जाहीर सत्कारानंतर घरी त्रास होऊ शकतो, तिथे आग्रह धरू नये.

तरीही नाहीच म्हणाल्या तर ठराव करून इतिवृत्तात त्यांच्या कामाची नोंद घ्या, मानपत्र लिहा आणि त्यांच्या परवानगीने दोघींनी घरी नेऊन द्या. जाताना फोटोवाला नेऊ नका.